आवाज आणि नांव

गवयाच्या हातीं बिदागी ठेवली म्हणजे त्याचें देणें फिटलें, असें आपण व्यवहारांत समजतों. ज्यानें श्रम केले त्याला ठरलेला पैसा मिळाला, तो त्यानें मोजून घेतला, पावतीवर सही केली. मग बाकी ती काय उरली? सुतारानें खुर्ची करून दिली व पैसे घेतले, कीं तिच्यावर कोण बसतो, ती कोणाच्या दिवाणखान्यांत राहते, ह्याच्याशीं त्याचा संबंध संपतो. गळ्यांतून निघालेल्या स्वराची गोष्ट अशीच आहे काय? स्वर विकत घेतां येतो हें खरें. पण "हा स्वर ह्या बाईचा नव्हे, त्या दुसरीचा आहे," असें जगाला सांगण्याचा अधिकारहि त्या पैशांत विकत मिळतो काय? मिळत नसेल, तर गाणाराचें नांव झांकून ठेवणें हा केवळ असभ्यपणा समजावा, कीं अन्याय समजावा? आणि तो अन्याय असेल तर कोणावर? गाणारावर, ऐकणारावर, कीं दोघांवरहि?

अशा प्रश्नाची चर्चा हवेंत करण्यापेक्षां एका प्रत्यक्ष चरित्राच्या आधारानें करावी हें बरें. त्यासाठीं आम्हीं अमेरिकेंतील मार्था वॉश ह्या गायिकेची हकीकत निवडली आहे. त्यांचें गाणें ज्या प्रकारांत मोडतें त्याला तिकडे डान्स-पॉप म्हणतात. यांत्रिक तालाच्या ठेक्यावर, नृत्यगृहांत नाचणारांसाठीं रचलेलें हें संगीत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस तें संगीत ह्या नांवासहि पात्र वाटणार नाहीं; कित्येकांस तें लग्नाच्या वरातींतून किंवा शेजारच्या घरांतून कानांवर आदळणारा गोंगाट म्हणूनच ठाऊक असेल. परंतु नीतीचे प्रश्न सोंवळें नेसूनच येतात असा कांहीं नियम नाहीं. बाजारांत जेथें पैसा, रूप आणि गुण ह्यांची एकत्र उलाढाल चालते, तेथेंच ते अधिक उघडे होऊन समोर येतात.

वॉशबाईंचा जन्म २८ डिसेंबर १९५३ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें झाला. त्यांचें पहिलें गाणें चर्चमधलें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्यें गॉस्पेल ह्या नांवाचें जें भक्तिसंगीत चालतें, त्यांत गाणारानें छातीच्या तळापासून आवाज काढून साऱ्या सभेला आपल्याबरोबर उचलून न्यावें अशी अपेक्षा असते. तेथें कमावलेला आवाज घेऊन त्या १९७० नंतरच्या दशकांत सिल्व्हेस्टर ह्या गायकाच्या साथीला उभ्या राहिल्या. त्यांच्या जोडीला इझोरा ऱ्होड्स ही तितक्याच ताकदीची दुसरी गायिका होती. दोघीहि अंगानें स्थूल, म्हणून ह्या जोडीचें नांव पडलें 'टू टन्स ओ' फन', म्हणजे 'दोन टन मौज'. हें नांव त्यांनीं हंसतमुखानें मिरविलें. परंतु जगानें आपल्याला हंसण्यापूर्वीं आपणच आपल्याला हंसून घ्यावें, ही युक्ति ज्याला शिकावी लागते, त्याच्या वांट्याला जग कसें आलें असेल ह्याचा अंदाज वाचकांस करतां येईल.

१९८० सालीं ह्या जोडीची स्वतःची तबकडी निघाली, आणि पुढें तिनें 'वेदर गर्ल्स' हें नवें नांव घेतलें. १९८२ सालीं 'इट्स रेनिंग मेन' हें त्यांचें गाणें आलें. पॉल जबारा आणि पॉल शेफर ह्यांनीं रचलेलें हें गाणें डॉना समर हिच्यासारख्या नामांकित गायिकांनीं नाकारलेलें होतें. ह्या दोघींनीं तें गाइलें, आणि अमेरिकेंतील नृत्यगीतांच्या यादींत तें पहिल्या क्रमांकावर चढलें. १९८४ सालीं ब्रिटनमध्यें तें दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोंचलें. ह्या गाण्याच्या चित्रफितींत त्या दोघी स्वतः दिसतात, स्वतःच्या देहानें, स्वतःच्या नांवानें. लोकांनीं त्यांना पाहिलें आणि तरीहि गाणें डोक्यावर घेतलें, ही गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९८८ च्या सुमारास जोडी फुटली. त्याच वर्षाच्या अखेरीस सिल्व्हेस्टरहि वारला, आणि वॉशबाई एकट्या, रोजच्या बिदागीवर ध्वनिमुद्रणाचें काम करणाऱ्या गायिका म्हणून उरल्या.

येथें ह्या धंद्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. जुन्या काळीं गायक हा तबकडीचा धनी असे. त्याच्याभोंवतीं वाद्यें जमत. १९८० नंतरच्या नृत्यसंगीतांत ही व्यवस्था उलटली. आतां धनी झाला निर्माता. तो यंत्रांवर ताल रचतो, स्वरांचे थर चढवितो आणि त्या थरांवर बसविण्यासाठीं एखादा दमदार गळा भाड्यानें आणतो. कधीं तो गळा प्रत्यक्ष येऊन गातो. कधीं जुन्या तबकडीवरचे त्याचे तुकडे कापून नव्या तालावर चिकटविले जातात. शिवाय १९८१ सालीं एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, तेव्हांपासून गाणें ही केवळ ऐकण्याची वस्तु राहिली नाहीं. तें पाहण्याचीहि वस्तु झालें. पाहण्याच्या वस्तूला देखणा चेहरा हवा. मग निर्मात्याच्या मनांत सहजच येतें कीं, गळा एका ठिकाणाहून आणावा आणि चेहरा दुसऱ्या ठिकाणाहून.

वॉशबाईंच्या बाबतींत हें तीन वेळां घडलें. १९८९ सालीं 'सिडक्शन' ह्या तरुण मुलींच्या संचाच्या एका गाण्यांत मुख्य आवाज त्यांचा होता. नांव त्यांचें नव्हतें. नंतर 'ब्लॅक बॉक्स' ह्या इटालियन संचाच्या १९९० सालच्या 'ड्रीमलँड' ह्या तबकडींतील सहा गाणीं त्यांनीं गाइलीं. तीं दुसऱ्या गायिकांना दाखविण्यासाठीं नमुना म्हणून आहेत अशी आपली समजूत करून देण्यांत आली होती, असें त्यांचें म्हणणें. बाजारांत आलेल्या चित्रफितींत कॅट्रिन क्विनॉल ही सडपातळ मॉडेल त्या आवाजावर ओठ हलवितांना दिसूं लागली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी' ह्या संचाचें 'गॉना मेक यू स्वेट' निघालें, तें १९९१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील सर्वसाधारण यादींत पहिल्या क्रमांकावर गेलें. ज्या हांकेनें तें गाणें उसळतें, ती हांक वॉशबाईंची. चित्रफितींत ओठ हलले ते झेल्मा डेव्हिस हिचे. दूरदर्शनच्या पडद्यावर आपलाच आवाज दुसरीच्या मुखांतून बाहेर पडतांना पाहणें हा अनुभव कसा असेल, ह्याची कल्पना आम्हांस पूर्णपणें करतां येत नाहीं. चोरी झालेली वस्तु चोराच्या घरांत दिसावी, इतकेंच हें नव्हे. वस्तु निदान आपल्यापासून वेगळी असते.

लोलिएटा हॉलोवे ह्या गायिकेचें तर ह्याहून नवल. त्यांनीं १९८० सालीं गाइलेल्या एका गाण्याचे तुकडे घेऊन 'ब्लॅक बॉक्स'नें १९८९ सालीं 'राइड ऑन टाइम' हें गाणें रचलें. ब्रिटनमध्यें तें सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें आणि त्या वर्षीं तेथें सर्वांत अधिक खपलें. येथेंहि पडद्यावर क्विनॉलच होती. ज्यांचा गळा होता, त्यांना त्या कामासाठीं कोणीं बोलाविलेंहि नव्हतें. भरपाईची तडजोड झाली ती मागाहून.

ह्याच काळांत 'मिली व्हॅनिली' ह्या संचाचें प्रकरण गाजलें. फ्रँक फेरियन ह्या जर्मन निर्मात्यानें दोन देखणे तरुण पुढें उभे केले आणि गाणीं दुसऱ्यांकडून गाववून घेतलीं. १९९० च्या आरंभीं त्या तरुणांना उत्कृष्ट नवोदित कलावंत म्हणून ग्रॅमी पारितोषिक मिळालें. नोव्हेंबरांत निर्मात्यानेंच सत्य सांगून टाकलें आणि पारितोषिक परत घेण्यांत आलें. लोक खवळले. तबकड्या विकत घेणारांनीं दावे लावले व पैशांचा कांहीं भाग परत मिळविला. त्या दोन तरुणांची जगभर छी-थू झाली. त्यांतील रॉब पिलाटस १९९८ सालीं ऐन तारुण्यांत मरण पावला. ह्या सर्व कोलाहलांत एक गोष्ट आमच्या नजरेंत भरते. राग आला तो फसलेल्या गिऱ्हाइकांना, आणि तो निघाला पुढें उभ्या केलेल्या बाहुल्यांवर. ज्या गायकांचे आवाज त्या तबकडींत होते, त्या चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस आणि ब्रॅड हॉवेल ह्यांचें काय, हा प्रश्न विचारणारे लोक थोडेच निघाले. ग्राहकाचा तोटा चटकन दिसतो, कारण त्याची किंमत तबकडीच्या पाकिटावर छापलेली असते. गाणाराचा तोटा मोजावयास असें पाकीट नसतें.

वॉशबाईंनीं तो मोजावयास लावला, हें त्यांचें वैशिष्ट्य. त्यांनीं 'ब्लॅक बॉक्स'च्या तबकड्या अमेरिकेंत काढणाऱ्या आरसीए कंपनीविरुद्ध दावा लावला. तडजोडींत त्या कंपनीनें त्यांना स्वतःच्या नांवानें गाण्याचा करार दिला. १९९१ च्या डिसेंबरांत त्यांनीं सोनी कंपनीविरुद्ध दुसरा दावा लावला. तो १९९४ सालीं मिटला. आवाज वॉश ह्यांचा आणि दृश्य रूप डेव्हिस ह्यांचें, अशी ओळ चित्रफितीवर दाखविण्याची विनंती कंपनीनें एमटीव्हीला करावी, असें ठरलें. गाणाराचें नांव तबकडीवर व चित्रफितीवर देण्याचा जो प्रघात पुढें अमेरिकेंत दृढ झाला, त्याचें श्रेय ह्या दाव्यांना देण्यांत येतें. दरम्यान १९९२ व १९९३ सालीं स्वतःच्या नांवानें गाइलेलीं त्यांचीं दोन गाणीं नृत्यगीतांच्या यादींत पहिलीं आलीं. आणि १९९४ सालीं त्याच 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी'च्या एका नव्या गाण्यांत त्या पुन्हां गाइल्या. मात्र ह्या वेळीं नांवानिशीं, आणि चित्रफितींत स्वतःच्या रूपानें. सूड घ्यावयाचा असता तर त्या त्या संचाच्या उंबरठ्यावर पुन्हां चढल्या नसत्या. त्यांचें भांडण गाण्याशीं नव्हतें, गाणें वाजविणारांशींहि कायमचें नव्हतें. तें फक्त नांवासाठीं होतें.

आतां ह्या मागणीविरुद्ध जे आक्षेप येतात त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप कराराचा. बाईंनीं बिदागी घेतली होती; मग तक्रार कसली? ह्याला उत्तर असें कीं, करारानें वापर विकत मिळतो, असत्य विकत मिळत नाहीं. निनांवी राहण्याचें एखाद्यानें खुशीनें कबूल केलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. वर्तमानपत्रांतील अग्रलेखावर लेखकाचें नांव नसतें, त्याला कोणी अन्याय म्हणत नाहीं. परंतु तोच अग्रलेख दुसऱ्याचें छायाचित्र घालून त्याच्या नांवानें छापला, तर गोष्ट बदलते. मौन वेगळें आणि खोटी साक्ष वेगळी. शिवाय आवाज हा खुर्चीसारखा कर्त्यापासून सुटणारा पदार्थ नव्हे. आंधळा मनुष्य आपल्या माणसाला आवाजावरून ओळखतो. तान्हें मूल आईचा चेहरा ओळखूं लागण्यापूर्वीं तिचा आवाज ओळखतें. अमेरिकेंतील एका वरिष्ठ न्यायालयानेंहि १९८८ सालीं हेंच तत्त्व मान्य केलें. बेट मिडलर ह्या गायिकेनें फोर्ड मोटारीच्या जाहिरातींत गाण्यास नकार दिला, तेव्हां जाहिरातवाल्यांनीं तिच्याच एका जुन्या साथीदारणीकडून तिच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करवून घेतली. न्यायालयानें ठरविलें कीं, आवाज हा चेहऱ्याइतकाच व्यक्तीचा खास असतो, आणि त्याची अशी नक्कल करून धंदा करणें म्हणजे त्या व्यक्तीचें व्यक्तित्वच हिरावून घेणें होय. नकलेलाहि जर हा न्याय, तर अस्सल आवाजाला किती अधिक लागू पडावा?

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूनें येतो, आणि तो अधिक विचारार्ह आहे. कला म्हटली कीं आभास आलाच. रंगभूमीवर राजा झालेला नट राजा नसतो. बालगंधर्व पुरुष असून त्यांनीं स्त्रीची भूमिका केली, आणि आमच्या आजोबा-पणजोबांनीं ती डोळे भरून पाहिली. ती फसवणूक होती काय? मुळींच नव्हे. कारण नाटकगृहांत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतें कीं ही सुभद्रा, ही भामिनी नारायणराव राजहंस आहेत. किंबहुना ते आहेत म्हणूनच तो तिकीट काढून आला होता. आभासाला प्रेक्षकाची संमति असली म्हणजे ती कला होते, आणि नसली म्हणजे ती लबाडी होते. मध्यें रेषा आहे ती एवढीच.

आमच्या चित्रपटांतील पार्श्वगायनहि ह्याच कसोटीला लावून पाहावें. तेथें नटी ओठ हलविते आणि गाते दुसरीच, हें आज शेंबड्या पोरालाहि ठाऊक असतें. परंतु हा प्रामाणिकपणा आपोआप आलेला नाहीं. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटांतील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गाणारीच्या जागीं 'कामिनी' हें चित्रपटांतील पात्राचें नांव छापलें होतें. श्रोत्यांनीं हा आवाज कोणाचा म्हणून पत्रांवर पत्रें पाठविलीं, तेव्हां रेडिओवरून लता मंगेशकर हें नांव जाहीर झालें. पुढें १९५७ च्या सुमारास फिल्मफेअरच्या समारंभांत गाण्यास लताबाईंनीं नकार दिला, कारण संगीतकाराला पारितोषिक होतें आणि गाणाराला नव्हतें. १९५९ पासून पार्श्वगायनाचें पारितोषिक सुरू झालें. म्हणजे ज्या रूढीचा आज आम्हांस अभिमान वाटतो, तीहि मागितल्यानें मिळालेली आहे. हॉलीवुडमध्यें मार्नी निक्सन ह्या बाईंनीं 'वेस्ट साइड स्टोरी' व 'माय फेअर लेडी' ह्या १९६१ व १९६४ सालच्या चित्रपटांतील नायिकांना आपला आवाज दिला. पडद्यावरील नामावलींत त्यांचें नांव नव्हतें. सर्वांनीं अशी मागणी करावी तेव्हांच न्याय मिळावा, हेंच मुळीं न्यायाचें लक्षण नव्हे.

तिसरा आक्षेप आमच्या परंपरेंतून निघतो. नांवाचा हव्यास हा अहंकार नव्हे काय? अजिंठ्याच्या चिताऱ्यांनीं भिंतीवर आपलीं नांवें कोठें लिहिलीं? खरा कलावंत कलेंत विरून जातो. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, पण तो बहुधा नांव देणारा करीत नाहीं, नांव झांकणारा करतो. विरक्ति ही ज्याची त्यानें घ्यावयाची असते, दुसऱ्यावर लादावयाची नसते. आणि आमच्याच संतांकडे पाहिलें तर काय दिसतें? देहाभिमान जाळा म्हणून ज्यांनीं जन्मभर उपदेश केला, त्यांच्या अभंगांच्या शेवटच्या चरणांत त्यांची नाममुद्रा असतेच. नामदेवांच्या घरीं दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईनें आपल्या अभंगांत आपली मुद्रा ठेविली. दासी म्हणूनच ठेविली, पण ठेविली. ती कीर्तीसाठीं नव्हती. ह्या शब्दांची जबाबदार मी आहे, हे बोल माझ्या अनुभवाचे आहेत, एवढें सांगण्यासाठीं होती. जात्यावर बसलेल्या दासीला सातशें वर्षांपूर्वीं जें मिळालें, तें विसाव्या शतकाच्या अखेरीस जगांतील सर्वांत श्रीमंत देशांत लाखों तबकड्या खपविणाऱ्या गायिकेला कोर्टांतून मागून घ्यावें लागलें!

परंतु येथपर्यंत आम्हीं जें लिहिलें त्यांत ह्या अन्यायाचें सर्वांत खोल मूळ अजून आलें नाहीं. वॉशबाईंचें नांव नुसतें विसरलें गेलें नव्हतें. तें लपविण्यांत आलें होतें, आणि तें लपविण्याचें कारण त्यांचा देह होता. त्या स्थूल होत्या, पस्तिशी ओलांडलेल्या होत्या. त्यांचा आवाज ऐकून लोकांनीं नाचावें, पण त्यांना पाहूं नये, असा हिशेब झाला. मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें कांट ह्या तत्त्वज्ञाचें सांगणें आहे. येथें तर मनुष्याचा उपयोगी भाग कापून घेऊन उरलेला मनुष्य लाजिरवाणा म्हणून पडद्याआड ढकलला गेला. आणि हा व्यवहार केवळ वॉशबाईंवर अन्याय करून थांबला नाहीं. झेल्मा डेव्हिस ही स्वतः गाणारी होती. त्याच संचाच्या तबकडींतील दुसरीं गाणीं तिनें स्वतःच्या गळ्यानें गाइलीं आहेत. तरी तिची जगाला पहिली ओळख झाली ती दुसरीच्या आवाजावर ओठ हलविणारी म्हणून. एकीला सांगितलें गेलें कीं तुझा गळा पुरे, तूं नको. दुसरीला सांगितलें गेलें कीं तुझें रूप पुरे, तुझा गळा नको. दोन पुरीं माणसें हातीं असतां निर्मात्यानें दोन अर्धीं घेऊन एक खोटें माणूस तयार केलें.

हा दोष निर्मात्याच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. निर्माता हा लोकांच्या आवडीचा अडत्या. लोकांना देखणा चेहरा हवा, असें त्याला वाटलें तें कोणाकडे पाहून? 'इट्स रेनिंग मेन'च्या वेळीं लोकांनीं स्थूल गायिकांना स्वीकारलें होतें, म्हणजे त्याचा अंदाज पुरता बरोबर नव्हता. पण तो अगदींच निराधार होता असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. शाळेच्या स्नेहसंमेलनांत स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींची रांग लावतांना गोरीगोमटी पुढें आणि गोड गळ्याची सांवळी मागें, ही व्यवस्था आपण सर्वांनीं पाहिलेली आहे आणि ती पाहून आपण टाळ्याहि वाजविल्या आहेत. घरांत पाहुण्यांपुढें सुनेच्या हातच्या पुरणपोळीची वाहवा सासूबाई स्वीकारतात. आमच्या अध्यापकांच्या जगांत विद्यार्थ्यानें दोन वर्षें खपून गोळा केलेली सामग्री मार्गदर्शकाच्या नांवानें छापली जाते, आणि प्रस्तावनेंतील आभाराच्या एका ओळींत ती फेड झाली असें समजण्यांत येतें. प्रमाण लहान आहे, पैसा नगण्य आहे, परंतु कृत्याची जात तीच आहे. अमेरिकेंतील निर्मात्यांना नांवें ठेवण्यापूर्वीं ही जात ओळखलेली बरी.

कायद्यानें ह्या बाबतींत बरेंच अंतर तोडलें आहे. १९९६ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानें गाणाराला आपल्या गाण्याशीं आपलें नांव जोडलें जाण्याचा हक्क मान्य केला. आमच्याकडे २०१२ सालच्या दुरुस्तीनें तो कॉपीराइटच्या कायद्यांत आला. पण कायदा दाराशीं पोंचतो न पोंचतो तोंच चोरवाट दुसरीकडे निघते. आतां यंत्रांना असें शिकवितां येतें कीं, एखाद्या गायकाचे नमुने ऐकून तीं त्याच्या आवाजांत तो कधींहि न गाइलेलें गाणें गातात. येथें गायकाला बोलाविणेंहि नको, बिदागीहि नको. अरिजित सिंह ह्या गायकाच्या अर्जावर २०२४ च्या जुलैंत मुंबई उच्च न्यायालयानें अशा नकलेला मनाई केली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील टेनेसी राज्यानें आवाजाच्या रक्षणासाठीं खास कायदा केला. वॉशबाईंच्या वेळीं आवाज आणि मनुष्य ह्यांची ताटातूट करावयास निदान एक खोटा चेहरा लागत असे. आतां तोहि लागत नाहीं. म्हणूनच त्यांचें प्रकरण जुनें झालें असें समजूं नये. ते प्रश्न आतां कोठें सर्वांच्या दाराशीं येत आहेत. उद्यां ज्याचा आवाज उचलला जाईल तो नामांकित गायकच असेल असें नाहीं. तो एखादा शिक्षक, एखादा कीर्तनकार, किंवा दूरदेशीं गेलेल्या मुलाशीं फोनवर बोलणारी एखादी आई असूं शकेल.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें. बिदागीनें श्रमाचें देणें फिटतें, नांवाचें फिटत नाहीं. तें देणें पैशाचें नसल्यामुळें पैशानें फेडतांहि येत नाहीं. तें सत्य बोलूनच फेडावें लागतें. तें चुकविलें तर गाणाराचें व्यक्तित्व हिरावलें जातें, आणि ऐकणाराला ज्याचे आभार मानावयाचे त्याच्याऐवजीं भलत्यालाच हात जोडावे लागतात. कृतज्ञता ही योग्य पत्त्यावर पोंचली तरच ती कृतज्ञता. चुकीच्या पत्त्यावर गेली तर तो नुसता गलका.

वॉशबाई पुढेंहि गात राहिल्या. २०१३ सालीं त्यांनीं स्वतःच्या संस्थेकडून तबकडी काढली. २०२० सालीं, वयाची सहासष्ट वर्षें उलटल्यावर, आणखी एक काढली. १९९१ सालच्या त्या हांकेची कीर्ति ह्या गाण्यांना मिळाली नसेल. पण ह्या तबकड्यांवर जें नांव आहे तेंच आंत गातें आहे. आमच्या घरांतील मुलें ज्या ठेक्यावर नाचतात, त्या ठेक्यावरचा आवाज कोणाचा, एवढें त्यांना आपण एकदां विचारावें. उत्तर त्यांना ठाऊक नसेल तर आपण त्यांच्याबरोबर बसून तें शोधून काढावें. त्यांत वेळ फारसा जाणार नाहीं, आणि एका माणसाचें देणें थोडें तरी फिटेल.